कुंपणावरची रुई

भिवंडी बघायला म्हणून कोणी जात नाही. नाशिकहून मुंबईला निघालेली माणसं बायपासवर ट्रकांच्या रांगेत अडकली की ‘आली वाटतं भिवंडी’ म्हणतात, आणि रांग सुटली की विसरतात. मीही इतकी वर्षं तेच करत आले. यंदा, २००७च्या होळीनंतर, मी तिथे चार दिवस राहून आले. ज्यांनी तो भाग फक्त गाडीच्या काचेतून पाहिला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जाण्याचं कारण साधं होतं. नाशिकजवळ ओझरला माझी रोपवाटिका आहे. शोभेची झाडं विकते, कारखान्यांच्या आवारात बागा लावून देते आणि उन्हाळ्यात बायकांसाठी बागकामाचा वर्ग घेते. त्या वर्गाला एकदा वनिता पाटील आली होती. भिवंडीला लागून असलेल्या राहनाळची, आगरी घरातली. सगळ्यात जास्त प्रश्न तिने विचारले आणि सगळ्यात कमी लिहून घेतलं. पुढे ती अधूनमधून मिस्ड कॉल द्यायची आणि मी फोन करायचा, अशी रीत पडली. या वेळी मात्र तिने सरळ फोनच केला. त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी बिघडलं आहे.

“ताई, आमची झाडा उपटाया निघालेत,” ती म्हणाली. “तुमी या. तुमी येऊन त्यांना सांगा, किडा न्हाय म्हणून.”

“किडा आहे की नाही ते बघितल्यावर सांगेन,” मी म्हटलं, आणि पिशवीत भिंग, कात्री आणि दोन साड्या टाकल्या.

सोमवार, राहनाळ

बायपासला वनिता रिक्षा घेऊन उभी होती. “ताई, बारीक झाल्या तुमी,” ती म्हणाली. “तू जाड झालीस,” मी म्हटलं. “भात खाते ना!” असं म्हणून तिने माझी पिशवी उचलली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, “चिंचेखालच्या गोडाऊनवरून घे.”

वाटेत चिंच काही दिसली नाही. दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोदामं, प्रत्येकावर इंग्रजी अक्षर आणि आकडा. पण गावातल्या माणसांना ते आकडे ठाऊक नाहीत. ज्या शेतावर गोदाम उभं राहिलं त्या शेताचं नाव गोदामाला मिळतं. खारीवरचं, चिंचेखालचं, मोठ्या बांधाचं. खारीवरच्या गोदामात आता टीव्हीचे खोके असतात. वनिताच्या सासऱ्यांनी तिथे लाल भात पिकवला होता. हे सांगताना तिने उसासा वगैरे टाकला नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

घरी तिच्या सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण केलं होतं. आमच्या बाजरीच्या भाकरीशी लग्न लावायला ठेचा लागतो; ही भाकरी मऊ, पांढरीशुभ्र, हातात धरली तर रुमालासारखी लोंबते. मी तिसरी नको म्हटलं तर सासूबाई वनिताला म्हणाल्या, “हिला काय जेवाय येत न्हाय गो. नाशिकला उपाशी ठेवतात काय?” मी तिसरी खाल्ली.

जेवणानंतर आम्ही बागेत गेलो. बाग म्हणजे कापडाच्या एका मोठ्या गोदामाचं आवार. चारही बाजूंनी भिंत आणि भिंतीला लागून आत छातीइतकं उंच लाल जास्वंदीचं कुंपण. वनिता आणि गावातल्या पाच जणी ते सांभाळतात. सकाळी काम करायचं, दुपारी घरी जाऊन चूल बघायची; त्या दिवशी मी येणार म्हणून सगळ्या दुपारीही आल्या होत्या. शेतं गेल्यावर या बायकांना दुसरं मिळालं असतं ते गोदामातलं पॅकिंगचं काम, तेही ठेकेदाराच्या शिफ्टमध्ये. त्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं सरळ गणित.

फाटकाजवळ करड्या पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या लावून ठेवल्या होत्या. नव्याकोऱ्या.

“ह्ये बगा,” वनिता म्हणाली. “मॅनेजर तिवारीसाहेबांनी मुंबईचा कोन तज्ज्ञ आणलेला. तो गाडीतून उतरला पन न्हाय. काचेतूनच बोलला, सगल्या झाडांना मिलीबग लागलाय, उपटून टाका. साहेबांनी लगेच ब्लॉक मागवले. गुरवारी येतात ते, तवा ठरवनार. ब्लॉक बसले की आमी घरी. ब्लॉकला पानी कोन घालतो?”

मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगावर पिठासारखं, कापसासारखं मेण असलेली बारीक कीड. आमच्या द्राक्षवाल्यांना तिचं नाव काढलं तरी झोप येत नाही. ती लागली आहे हे गाडीतून उतरल्याशिवाय सांगणारा माणूस एकतर फार हुशार असावा किंवा त्याला पुढे कुठे तरी जेवायला जायचं असावं.

आधी पश्चिमेची बाजू बघितली. भिंतीपलीकडे पॉवरलूमच्या शेड आहेत. त्यांचा खटखटाट इतका एकसारखा की थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो. शेडच्या जाळ्यांमधून कापसाचा बारीक भुसा उडतो. इथे त्याला सगळे रुई म्हणतात. आमच्याकडे रुई म्हणजे मारुतीला माळ करतात ती. ही रुई विजेच्या तारांवर, कौलांवर, बायकांच्या भुवयांवर, सगळीकडे बसते. जास्वंद तर पांढरी दिसत होती. मी पान घेऊन बोटांत चोळलं. कोरडं, धाग्याचं, वरूनच बसलेलं. पानाच्या मागची बाजू स्वच्छ. फांदीवर मुंगी नाही, पानाला चिकटपणा नाही, शेंडे सरळ.

“कापूसच आहे,” मी म्हटलं.

वनिताने टाळी वाजवली. “ऐकला काय गो? ताई बोल्ली, रुई हाय! मी पैल्यापासून सांगते!”

“ही बाजू बोलले मी. बाकीच्या तीन आहेत अजून.”

पण तोवर ऊन उतरलं होतं आणि बायका हसत घरी निघाल्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाले होते. सासूबाईंनी मला ओट्याखालीच थांबवलं. कोपऱ्यातून एक काठी आणली. तिच्या टोकाला लूमचं टाकाऊ सूत झुबक्यासारखं बांधलेलं होतं. “उभी ऱ्हा गो बाय,” म्हणत त्यांनी घोड्याला खरारा करावा तसं मला पाठीवरून, खांद्यांवरून झाडलं. राहनाळमध्ये घरात शिरण्याआधी सगळ्यांनाच असं झाडतात. सुताला रुई पटकन चिकटते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

चहा घेत बसले होते. पदरावर रुईचा एक कण राहिला होता. तो झटकायला बोट नेलं, तर तो चालायला लागला.

मंगळवार, फाटकापाशी

रुई चालत नाही. तेव्हा तो कण कुठून आला हा प्रश्न होता. मी फक्त पश्चिमेच्या बाजूला गेले होते आणि तिथे कीड नव्हती. मधे अंगाला लागलं होतं ते एकच, सासूबाईंचा सुताचा झुबका.

सकाळी मी बायकांबरोबर कामावर गेले आणि बघत राहिले. सहाही जणींकडे तशाच काठ्या होत्या. सासूबाई त्या बांधतात, आणि घरातलीच काठी वनिता कामावर नेते. पाणी घालण्याआधी त्या कुंपण झाडतात. साहेब फाटकातून येतो म्हणून फाटकापासून सुरुवात करायची, पूर्वेची भिंत करायची आणि मग मागच्या बाजूला वळायचं. पश्चिमेला लूमच्या बाजूला कितीही झाडलं तरी तासाभरात पांढरंच होतं, म्हणून तिथे कोणी झाडतच नाही.

फाटकाजवळच्या झाडाचा शेंडा मी वाकवून बघितला. पानं मुरडून त्यांचा कोबीसारखा गड्डा झाला होता. आत, पानाच्या बेचक्यात, पांढरं. खालची पानं चिकट आणि त्यावर काजळीसारखी बुरशी. खोडावर मुंग्यांची ये-जा. मी तो पांढरा भाग बोटाने चिरडला. बोटाला गुलाबी ओल लागली.

“वनिता, इकडे ये.”

तिने माझं बोट बघितलं. मग दुसरं झाड दाखवलं. मग तिसरं. पूर्वेची भिंत संपेपर्यंत तिने एकेक झाड दाखवलं आणि मी एकेक शेंडा उघडून दाखवला. कीड फाटकापाशी दाट होती आणि पुढे विरळ होत गेली होती, ज्या दिशेने त्या झाडत जात होत्या नेमक्या त्याच दिशेने. उरलेल्या दोन भिंतींवर ती अजून पोचली नव्हती.

“झुबक्यातून जाते ती,” मी म्हटलं. “पिल्लं सुतात अडकतात आणि पुढच्या झाडावर उतरतात. तुम्ही जेवढं स्वच्छ ठेवलंत तेवढी पसरली.”

“ताई, रुईच असल ती. जरा जुनी रुई.”

“जुन्या रुईतून गुलाबी पाणी येतं?”

 ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुमी साहेबांना पश्चिमेचीच बाजू दाखवा ना. तिथं तर खरंच रुई हाय. खोटा बोलायचाच न्हाय. अर्धाच सांगायचा.”

“आणि उरलेला अर्धा महिन्याभराने तो स्वतः बघेल. मग?”

“मग तवाचा तवा बगू.”

“मी अर्धं सांगत नाही. ही भिंत गुडघ्याइतकी छाटायची, छाटलेलं जाळायचं, राहिलेल्या खोडांवर साबणाचं पाणी आणि निंबोळी तेल. साहेब यायच्या आधी.”

“फुलावरची झाडा बोडकी करायची? आनि बोडकी बगून तो ब्लॉक न्हाय लावनार?” तिचा आवाज चढला. “तुमाला मी झाडा वाचवाया बोलावली, ताई. कापाया तो तज्ज्ञ होताच.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला त्या वेळी ऐकू गेलं नसतं. मी हात धुतले.

गणेशपुरी

दुपारी गणेशपुरीला जायचं आधीच ठरलं होतं. आगरी माणूस पाहुण्याला दिलेला शब्द भांडण झालं म्हणून मोडत नाही. आम्ही एसटीने गेलो आणि वाटभर एक शब्द बोललो नाही. बाहेर मात्र बघण्यासारखं होतं. गोदामं संपली की भाताची कापलेली खाचरं लागतात, मधेच पळस लालभडक, आणि वज्रेश्वरीच्या पुढे डोंगर जवळ येतात.

गणेशपुरीच्या कुंडातलं पाणी इतकं कढत की मी पाय घातला आणि काढला. वनिता सरळ उतरली. आश्रमात आलेली दोन गोरी माणसं रस्त्याकडेला उसाचा रस पीत होती आणि रसवाला त्यांना मराठीतून बर्फाचे तोटे समजावत होता. दोघंही माना डोलवत होती.

परतताना एका लॉजसमोर दुरांटाचं कुंपण होतं. त्यावर पिवळ्या धाग्यांचं जाळं पसरलं होतं, गुंतलेल्या लोकरीसारखं. वनिता सकाळच्या भांडणानंतर पहिल्यांदाच बोलली.

“बगा, हितं पन लूम आले. किती सूत उडालाय.”

सवयीने ती पुढे झाली आणि धागा ओढला. तो तुटला. तिने बोटं एकमेकांवर घासली.

“ओला हाय हा.”

“सूत नाही ते,” मी म्हटलं. “अमरवेल. जमिनीत मूळ नाही, पान नाही. फांदीत सोंड खुपसते आणि झाडाचा रस पिते. जो तुकडा तोडून टाकशील तो पडेल तिथे पुन्हा धरतो.”

आतून लॉजचे मालक आले. “सोनेरी दिसतं ना छान?” ते म्हणाले. “मुद्दाम ठेवलंय. गिऱ्हाईक फोटो काढतं.”

“दिवाळीपर्यंत सोनंच राहील,” मी म्हटलं. “झाड नाही राहणार.”

ते हसले. त्यांना वाटलं मी कौतुक केलं.

वनिता हसली नाही. हातातला तुकडा कुठे टाकावा हे तिला कळेना. शेवटी तिने तो कागदात गुंडाळून कमरेला खोचला. एसटीत बसल्यावर तो पुन्हा काढून बघितला. मग म्हणाली, “आमाला ना ताई, पांढरा दिसला की रुई आनि लांब दिसला की सूत. दुसरा काय असतो ते डोल्यांना म्हाईतच न्हाय.”

 भिवंडी जवळ आली तेव्हा तिने विचारलं, “गुडघ्याच्या वर कापायचा की खाली?”

बुधवार, राहनाळ ते अंजूर

खाली. सकाळपासून सहा जणी आणि मी कात्र्या चालवत होतो. हलकं काम नव्हतं. कळ्यांनी भरलेली फांदी कापताना बायकांचे हात थांबत. मी थांबू देत नव्हते. एकीने दुसरीला टोमणा मारला, “तुज्या सुनेचे केस कापते तसा काप गो, बिनधास्त.” त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की उरलेली भिंत लवकर झाली.

सासूबाई भाकऱ्यांची टोपली घेऊन आल्या. दर मंगळवारी त्या फाटकाजवळची फुलं गणपतीच्या देवळात नेत. भुंडी खोडं बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. “आता म्होरल्या मंगलवारी देवाला काय, काड्या वाहू?”

तेव्हा मला पूर्वेच्याच भिंतीलगत एक झाड सापडलं. पाण्याच्या टाकीमागे, अडचणीत. तिथे झुबका पोचत नाही म्हणून त्याला वर्षात कोणी झाडलेलं नव्हतं. वाऱ्याने फिरून आलेली रुई म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लोंबत होती. मी एकेक शेंडा तपासला. एकही कीड नाही. दोन्ही बाजूंची झाडं किडलेली, मधलं हे घाणेरडं झाड ठणठणीत, आणि फुलांनी लगडलेलं.

“आजी, ही घ्या तुमची फुलं,” मी म्हटलं. “फक्त झाडू नका.”

त्यांनी झाडाकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या घरच्या काठीकडे. त्यांनी ती उचलून कापलेल्या फांद्यांच्या ढिगावर टाकली. मग बाकीच्या जणींच्या काठ्याही टाकल्या.

कापडाच्या गोदामाच्या आवारात काडी पेटवता येत नाही. फांद्या गोण्यांत दाबून भरल्या, तोंडं बांधली आणि वनिताच्या भावाच्या टेंपोने तिच्या माहेरी, अंजूरला, खाडीकाठच्या मोकळ्या जागेवर नेल्या. एक गोणी वाटेत फाटली. आम्ही दोघींनी टेंपो थांबवून रस्त्यावरून पान अन् पान वेचलं आणि मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. खाडीवर वारा होता. सुताचे झुबके सगळ्यात आधी पेटले.

गुरुवार

तिवारीसाहेब आले आणि फाटकातच थांबले. भला माणूस होता, फक्त घाईतला.

“ये क्या कर दिया? पूरा गंजा कर दिया!”

मी बोलायला तोंड उघडलं, तर वनिताने हात करून मला थांबवलं.

“साहब, कीडा था. आपका आदमी सच बोला,” ती म्हणाली. “मैं झूठ बोली. मेरेको मालूम नहीं था. लेकिन सब में नहीं है. इधर जला दिया. उधर रुई है, खाली रुई.”

“आधा कीडा, आधा रुई? मेरेको कैसे पता चलेगा?”

वनिताने एका झाकणाच्या बाटलीत शेंडा ठेवला होता. तो कागदावर काढला आणि त्यांना म्हणाली, “दबाओ.” त्यांनी काडीने दाबलं. कागदावर गुलाबी डाग पडला. मग ती त्यांना पश्चिमेला घेऊन गेली, पांढरं पान हातात दिलं. “अब ये दबाओ.” काही झालं नाही. मग टाकीमागचं झाड. साहेबांचे बूट चिखलात गेले, पण त्यांनी स्वतः दोन-तीन शेंडे उघडून बघितले. काचेतून बघणाऱ्या तज्ज्ञापेक्षा हे पुष्कळच झालं.

“ठीक है,” ते म्हणाले. “बारिश से पहले पत्ता आना चाहिए. तब तक ब्लॉक उधरही रहेगा. और फिरसे सफेद दिखा, तो मैं कुछ नहीं सुनूंगा.”

“सफेद तो दिखेगा साहब,” वनिता म्हणाली. “पहले लूम बंद करवाओ.”

ते हसले नाहीत, पण गाडीत बसताना त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची हे आम्हा दोघींनाही कळलं नाही.

निघताना सासूबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या आणि पदरावरची रुई या वेळी हाताने वेचली. बायपासला वनिताने विचारलं, “ताई, आला न्हाय पान तर?”

“तर तू माझ्याकडे ओझरला कामाला ये.”

“तिथं बाजरी खावी लागल,” ती म्हणाली. तेवढ्यात माझी एसटी आली.

मेच्या अखेरीस तिचा मिस्ड कॉल आला. मी फोन लावला. मागे लूमचा खटखटाट ऐकू येत होता.

“खोडाला पालवी आली, ताई. हातभर झाली. रोज एकेक शेंडा उघडून बगते. पांढरा दिसला की दाबते.”

“आणि साहेब?”

“आलेले. बोलले, धूल क्यूं है इतना? मी बोल्ली, वो रहने दो.”

“आणि ब्लॉक?”

“ब्लॉक तिथंच हायत थप्पी लावून,” वनिता म्हणाली. “आमी त्यावर बसून चा पितो.”